आम्ल, आम्लारी, क्षार: पाठ करण्याआधी ओट्यावर करून बघा

मागच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीने वहीत लिहून आणलं, "सोडियम हायड्रॉक्साइड हा क्षार आहे." मी म्हटलं अगं क्षार कसा, आम्लारी ना तो, तर म्हणाली ताई मी व्हिडिओ बघितला, त्यात सर क्षारच म्हणत होते. मग कळलं की व्हिडिओ हिंदी होता. हिंदीत आपल्या आम्लारीला क्षार किंवा क्षारक म्हणतात, आणि आपण ज्याला क्षार म्हणतो त्याला ते लवण म्हणतात. म्हणजे शब्द तोच, पण अर्थ पार वेगळा, आणि पोरं बिचारी दोन्हीकडून ऐकून गोंधळतात. त्यात सेमीवाल्यांना परत ॲसिड-बेस-सॉल्ट. म्हणून आधी शब्दच नीट लावून घेऊ, मग पुढचं सगळं सोपं आहे.

आम्ल म्हणजे आंबट, हे कानालाच कळतं. आम्लारी हा शब्द मला फार आवडतो कारण त्याच्यातच उत्तर आहे: आम्लाचा अरि, म्हणजे आम्लाचा शत्रू. आणि हे दोघं भिडले की आम्लाचा आंबटपणा जातो, आम्लारीचा बुळबुळीतपणा जातो आणि पाणी व क्षार तयार होतो. मीठ हा एक क्षार, पण तुरटी, नवसागर, मोरचूद, खायचा सोडा हे पण क्षारच. एवढं डोक्यात पक्कं बसलं की स्वयंपाकघरात चला. मी ट्यूशनच्या मुलांकडून जे करून घेते तेच इथे क्रमाने लिहिते, एका रविवारी दुपारी तीन तासात होतं, फक्त चुन्याची निवळी आदल्या रात्री करून ठेवावी लागते आणि क्षाराचे खडे दुसऱ्या दिवशी दिसतात.

सामान काय लागेल: हळद, लिंबू, पांढरं व्हिनेगर, दही, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, साबण, मीठ, तुरटी, पानाचा चुना (टपरीवर मिळतो), लिंबूसत्व, एक छोटा जांभळा कोबी, आणि पारदर्शक ग्लास किंवा वाट्या आठ-दहा. मेडिकलमधून थोडं सर्जिकल स्पिरिट आणा. जमलं तर सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचा आकडा) मोजायच्या पट्ट्या पण घ्या, लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात आणि महाग नसतात. कोबी मिळत नसेल तर लाल जास्वंदीची दहा-बारा फुलं चालतात.

सुरू करायच्या आधी दोनच गोष्टी सांगते, पण त्या मनापासून ऐका. चुना डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. चुन्याची पुडी दाबून फुटल्यामुळे लहान मुलांचे डोळे गेलेले आहेत, म्हणून चुन्याला हात मोठ्यांनीच लावायचा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. चुकून गेलाच तर लगेच नळाखाली साध्या पाण्याने १५-२० मिनिटं सलग धुवायचं आणि तसंच डॉक्टरकडे पळायचं. "चुना आम्लारी आहे तर लिंबू पिळू" असलं काही चुकूनही करायचं नाही, कारण ते भिडताना उष्णता निघते आणि वर आम्लाची इजा वेगळी. दुसरं म्हणजे संडास साफ करायचं ॲसिड आणि कपडे पांढरे करायचं ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्या ॲसिडमध्ये बहुतेक हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एका काकूंनी जास्त चकाचक होईल म्हणून बंद बाथरूममध्ये दोन्ही ओतलं आणि श्वास कोंडून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. बाकी आपण आज जे वापरणार ते सगळं घरातलंच आहे, पण प्रयोगातलं काहीही चाखायचं नाही.

पहिलं काम, हळदीचे कागद

एका वाटीत अर्धा चमचा हळद घ्या आणि त्यात तीन-चार चमचे स्पिरिट घाला. पाण्यात पण होतं पण हळदीतला रंग, म्हणजे करक्युमिन, पाण्यात जवळपास विरघळतच नाही, नुसता गाळ तरंगत राहतो आणि कागदावर ठिपके ठिपके येतात. स्पिरिटमध्ये कसा मस्त केशरी-पिवळा अर्क उतरतो बघा. हे गॅसपासून लांब करायचं, स्पिरिट पेट घेतं. साका खाली बसला की वरच्या अर्कात ड्रॉइंग पेपरच्या बोटभर पट्ट्या बुडवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उन्हात नको, हळदीचा रंग उन्हाने उडतो, हळदीचा डाग पडलेला कपडा आपण उन्हात घालतो तो त्यासाठीच.

आता वाळलेल्या पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. लालभडक-तपकिरी. मग त्याच जागी लिंबाचा थेंब, परत पिवळं. हे मुलं दहा दहा वेळा करतात आणि मी करू देते, कारण इथेच त्यांना कळतं की रंग परत फिरवता येतो, म्हणजे हळद "जळली" वगैरे काही नाही, तिच्या रेणूची ठेवण फक्त बदलतेय. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो ना, तो हाच प्रकार. आणि पारंपरिक कुंकू बनतं तेही असंच, हळदीवर चुना नाहीतर टाकणखाराची क्रिया करून. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी दाखवणारा पदार्थ, वापरत होत्या.

पण हळदीची एक मर्यादा लक्षात ठेवा. तिचा रंग सामू साधारण साडेसात ते साडेआठच्या मधे कुठेतरी पलटतो. म्हणजे आम्लारी ओळखायला हळद उत्तम, पण लिंबूपाणी आणि साधं पाणी यातला फरक तिला सांगता येत नाही, दोन्हीत ती पिवळीच. परीक्षेत "हळद आम्लात पिवळी होते" असं लिहितात मुलं, होते नाही, राहते.

दुसरं, जांभळ्या कोबीचा अर्क

हा माझा सगळ्यात लाडका भाग. पाव कोबी बारीक चिरा, वर दोन कप उकळतं पाणी ओता, झाकून १५ मिनिटं ठेवा, गाळून घ्या. पाणी शक्यतो फिल्टरचं घ्या. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बोअरचं पाणी घेतलं होतं आणि अर्क जांभळा यायच्या ऐवजी निळाच आला, मला वाटलं कोबी खराब, नंतर डोक्यात प्रकाश पडला की बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट थोडे आम्लारीधर्मी असतात आणि कोबी तेच सांगत होता.

आता ग्लास रांगेत मांडा आणि प्रत्येकात दोन-दोन चमचे अर्क. पहिल्यात काहीच टाकू नका, तो तुलनेसाठी. मग एकेकात लिंबाचा रस, व्हिनेगर, दह्याचं निथळलेलं पाणी, मिठाचं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, धुण्याच्या सोड्याचं पाणी, आणि शेवटी चुन्याची निवळी (ती कशी करायची ते शेवटी आहे, आदल्या रात्रीच करून ठेवा). लिंबू गुलाबी-लाल, व्हिनेगर तसंच, दही जांभळट-गुलाबी, मीठ जसंच्या तसं जांभळं, खायचा सोडा निळा, धुण्याचा सोडा हिरवा, आणि निवळीत हिरव्यावरून पिवळ्याकडे झुकणारा. ही रांग खिडकीत उजेडात ठेवून फोटो काढा, प्रकल्पाच्या वहीत लावायला होतो. जास्वंद घेतली असेल तर आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवी एवढं स्पष्ट दिसतं, मधल्या छटा कोबीइतक्या येत नाहीत. गोकर्णाची निळी फुलं पण छान चालतात.

आम्ल-आम्लारी ओळखायचा लॅबमधला लिटमस कशाचा माहितेय का, तो पण निसर्गातलाच. लायकेन नावाच्या शेवाळ-बुरशीच्या जोडगोळीपासून काढतात. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे पण लायकेनच, जात वेगळी पण घराणं तेच. मसाला भाजताना मुलांना दगडफूल हातात देऊन हे सांगा, लिटमस मग कधीच विसरणार नाहीत.

सामू म्हणजे नक्की काय

रंग म्हणजे अंदाज झाला, आकडा हवा असेल तर सामू. कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही पद्धत मांडली, ती प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्यांची होती, आंबवण्याच्या कामात आम्लता अचूक मोजायची गरज त्यांना रोजचीच. शुद्ध पाणी ७, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी, हे सगळ्यांना येतं. चुकतात कुठे तर पायरीत. सामूची एक पायरी म्हणजे दहा पट. लिंबाच्या रसाचा सामू २.३ च्या आसपास आणि दह्याचा ४.३ च्या आसपास, तर फरक दोनचा नाही, शंभर पटीचा. लिंबाच्या रसात हायड्रोजन आयनांचं (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) प्रमाण दह्याच्या शंभर पट. खायच्या सोड्याचं पाणी साधारण ८.३, निवळी १२.४ च्या जवळ, आपलं रक्त ७.३५ ते ७.४५ च्या अगदी अरुंद पट्ट्यात, आणि तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की दातांचं एनॅमल विरघळायला लागतं, म्हणून सतत थोडं थोडं कोल्ड्रिंक पीत राहणं दातांना फार वाईट.

आणि तीव्र आम्ल आणि संहत आम्ल एकच समजू नका, ही दहावीपर्यंत टिकणारी चूक आहे. संहत म्हणजे पाण्यात आम्ल किती घातलंय ते. तीव्र म्हणजे घातलेल्यातलं किती फुटून आयन होतं ते. हायड्रोक्लोरिक जवळजवळ सगळं फुटतं. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल मात्र हजार रेणूंतले पाचेकच फुटतात, बाकीचे अखंड. म्हणून ४% व्हिनेगरचा सामू २.४-२.५ येतो, तेवढेच रेणू हायड्रोक्लोरिकचे असते तर ०.२ आला असता आणि ते आपण सॅलडवर ओतलं नसतं.

आयन वगैरे खरं कशावरून? हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे पण मला विचाराल तर अख्ख्या धड्याचा जीव त्यात आहे. कोरड्या बशीत कोरड्या चमच्याने लिंबूसत्व आणि खायचा सोडा एकत्र करा, चांगलं ढवळा. काही होत नाही. आम्ल आहे, आम्लाला मारणारा आहे, दोघं शेजारी बसलेत आणि गप्प आहेत. आता एक थेंब पाणी टाका. फसफसून फेस येतो. पाण्यात गेल्याशिवाय आम्लाचे हायड्रोजन आयन सुटतच नाहीत. अऱ्हेनियसने १८८० च्या दशकात हेच म्हटलं होतं, पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी, आणि त्याला पुढे १९०३ चं नोबेल मिळालं. फ्रूट सॉल्टची पुडी फडताळात शांत असते आणि ढोकळ्याच्या पिठात पडली की उसळते, त्याचं कारण हेच. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर ती मऊ पडते आणि मग ढोकळा बसतो, कारण हवेतल्या ओलाव्याने लढाई डब्यातच उरकलेली असते.

उदासिनीकरण, मापून

आम्ल आणि आम्लारी भिडून एकमेकांचा गुण घालवतात ते उदासिनीकरण. नुसतं ओतून फेस बघण्यात मजा आहे, पण एकदा मापून करा. व्हिनेगरच्या बाटलीवर ॲसिटिक आम्लाचं प्रमाण लिहिलेलं असतं, माझ्याकडच्या बाटलीवर ४% आहे. म्हणजे १०० मिलीमध्ये ४ ग्रॅम आम्ल. ॲसिटिक आम्लाचे ६० ग्रॅम खायच्या सोड्याच्या ८४ ग्रॅमला पुरतात, या हिशोबाने ४ ग्रॅमला ५.६ ग्रॅम सोडा, म्हणजे सपाट चहाचा चमचा भरून वर जरासा.

मोठ्या काचेच्या बाऊलमध्ये १०० मिली व्हिनेगर घ्या, रंग कळायला चार थेंब कोबीचा अर्क टाका, गुलाबी होईल. आता सोडा चिमूट चिमूट टाकत ढवळत रहा. घाई केलीत तर फेस ओट्यावर येतो, कारण यातून दीड लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघणार असतो. रंग गुलाबीवरून जांभळ्याकडे सरकेल. ज्या चिमटीला फेस यायचा थांबला तिथे थांबा, किती सोडा लागला ते वजनकाट्यावर उरलेल्या सोड्यावरून काढा आणि ५.६ शी ताडून बघा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५ ते ६ च्या मधे आलं तरी शाबासकी द्या. बाऊलला हात लावा, गार लागेल, सोडा-व्हिनेगरची क्रिया उष्णता शोषते. पुस्तकात उदासिनीकरण म्हणजे उष्णता बाहेर पडते असं असतं, ते हायड्रोक्लोरिक आणि सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या जोडीला खरं आहे, इथे मात्र वायू सुटण्याचा वेगळा हिशोब आहे.

मग हे पाणी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा, शेवटी शेवटी गॅस बंद करून तसंच ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी तळाला खडे दिसतात, कोबीमुळे जरा मळकट, पण खडे. तो सोडियम ॲसिटेट, एक क्षार. आम्ल पण गेलं, सोडा पण गेला, आणि हे तिसरंच काहीतरी हातात आलं. मुलांना हा खडा भिंगातून बघू द्या.

सगळे क्षार मिठासारखे उदासीन नसतात

इथे बरेच जण अडकतात. मिठाचा सामू ७, म्हणून क्षार म्हणजे ७ असं पाठ होतं. मग तुरटीच्या पाण्यात सामूची पट्टी बुडवा, आम्लधर्मी निघेल. धुण्याच्या सोड्यात बुडवा, चांगलाच आम्लारीधर्मी. दोन्ही क्षारच आहेत. क्षाराला दोन आईबाप असतात, एक आम्ल आणि एक आम्लारी, त्यात जो तीव्र त्याचा गुण उतरतो. सोडा हा तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड आणि सौम्य कार्बोनिक आम्लाचा, म्हणून आम्लारीकडे झुकलेला. बोलण्यात आपण त्याला खार म्हणतो, पापडखार म्हणतो, ते चूक नाही.

तुरटीच्या पाण्यात सोडा टाका, फेस पण येतो आणि पांढरा कापसासारखा गाळ पण धरतो. तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर असाच गाळ धरतो आणि माती गोळा करून खाली बसतो.

आणि नवसागर. पितळेच्या भांड्यात आंबट आमटी कळकते, म्हणून कल्हई. कल्हईवाला भांडं लालसर तापवतो, त्यात नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो आणि नाकाला झोंबतो, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवतो आणि आतून चांदीसारखं होतं. नवसागर हा अमोनिया आणि हायड्रोक्लोरिकचा क्षार, तापला की परत त्याच दोघांत फुटतो, झोंबतो तो अमोनिया आणि आम्ल तिथल्या तिथे धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतं, तेव्हाच कथील चिकटतं. लहानपणी मी पायरीवर बसून हे तासन्‌तास बघायचे आणि त्या धुराचं रसायनशास्त्र कॉलेजात गेल्यावर कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

शेवटी चुन्याची निवळी

अर्धा लिटर गार पाण्यात अर्धा चमचा चुना. जास्त नको, एका लिटरमध्ये जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, आणि गरम पाण्यात तर त्याहून कमी. ढवळा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी न हलवता काढून घ्या. अर्ध्या ग्लासात निवळी आणि तेवढंच फिल्टरचं पाणी, त्यात स्ट्रॉने हळू फुंका. ओढायचं नाही, फक्त फुंकायचं, आणि चष्मा लावून. पाणी दुधाळ होतं, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि चुना मिळून कॅल्शियम कार्बोनेट झालं. बहुतेक जण इथे थांबतात. तुम्ही फुंकत रहा, चार-पाच मिनिटं, दमलात तर भावंडांना द्या. दुधाळपणा हळूहळू कमी होऊन पाणी परत नितळ व्हायला लागतं, कारण आता विरघळणारं बायकार्बोनेट झालं. ते पातेलीत उकळा, परत पांढरं. तुमच्या गिझरच्या कॉइलवर जे चढतं ते हेच, अगदी हेच.

मग ते काढायचं कसं हे सांगायला नको, आम्लाने. नळाच्या जाळीवर पांढरं साचलं असेल तर व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा, किंवा कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व, आणि जुन्या ब्रशने घासा. पण हेच पाणी कडाप्प्याच्या ओट्यावर, शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका. हे सगळे दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटच, लिंबाची फोड रात्रभर पडून राहिली तरी कडाप्प्यावर पांढुरका डाग उठतो आणि तो पुसून जात नाही कारण तो डाग नसतोच, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही.

गावाकडे शेत असेल तर एक जास्तीचं काम करा. मूठभर माती दुप्पट फिल्टरच्या पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात सामूची पट्टी बुडवा. कोकणातली जांभ्याची माती बहुधा ७ च्या खाली येईल, देशावरची चुनखडीची काळी माती ७ च्या वर, आणि उसाला पाणी पाजून पाजून चोपण (सोडियम साचून घट्ट) झालेल्या जमिनीत ८.५ च्याही वर. चोपण सुधारायला जिप्सम घालतात, आम्ल जमिनीला चुना, पण मात्रा माती परीक्षणाच्या रिपोर्टवरूनच ठरवायची, आपली पट्टी फक्त दिशा सांगते.

उरलेला कोबीचा अर्क बाहेर ठेवलात तर दोन दिवसात असा वास सुटतो की घरचे तुम्हाला प्रयोग करू देणार नाहीत, तेव्हा तो बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरला टाका, लागेल तेव्हा एक खडा काढायचा. हळदीच्या पट्ट्या गडद रंगाच्या डब्यात घट्ट झाकण लावून. निवळीची बाटली पण काठोकाठ भरून बूच घट्ट लावा, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पांढरी साय धरते, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात "चुना, पिऊ नये" असं लिहून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा.